कानबाईचा नारळ मीच फोडला

आमच्या घरची कानबाई यंदाच्या श्रावणात आपोआप भंगली, ही गोष्ट धादांत खोटी आहे. देवी चौरंगावर बसलेली असताना कोणाचाही हात न लागता तिचे दोन सारखे भाग झाले, आतून दुधाची धार लागली आणि घरभर केवड्याचा वास सुटला, असा मजकूर आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने फिरतो आहे. त्याच्यासोबत जोडलेल्या छायाचित्रातला नारळ आमचा नव्हेच. तो ओला, पांढराशुभ्र, काल झाडावरून उतरवल्यासारखा आहे. ज्याच्या घरात हे घडले तो मी अजून हयात आहे. वय अठ्ठ्याहत्तर असले तरी स्मरण शाबूत आहे, आणि जळगावच्या पिंप्राळ्यातले माझे घर सर्वांना ठाऊक आहे. पण येऊन मला विचारावे असे एकालाही वाटले नाही. उलट धुळ्याकडचा एक दूरचा पुतण्या फोनवर मलाच ती हकिकत सांगू लागला. मी त्याला दुरुस्त करू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "आबा, तुम्हले माहीत नसी. तुम्ही तव्हय पाचोराले गयेल व्हतात."

दुसरी हकिकत अधिक वाईट आहे, कारण ती हळू आवाजात सांगितली जाते. तिच्याप्रमाणे देवीचा नारळ आणि फोडायचा नारळ यांची गल्लत माझ्या सुनेने केली. "भुसावळनी शे, शिकेल शे, तिले आपली कानबाई काय समजाव?" असे आमच्याच कुळातल्या बायका बोलल्याचे माझ्या कानावर आले. तिसरी हकिकत आमच्या कॉलनीतल्या मंदिरात प्रवचन करणाऱ्या बुवांची. तिच्याकडे मी नंतर येईन. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पहिलीत आणि दुसरीत मी निर्दोष आहे, तिसरीत तर मी साधुपुरुष आहे. ही सवलत मी मागितलेली नाही आणि मला ती नको आहे. नारळ मी फोडला. उजव्या हाताने, उंबऱ्यापुढच्या दगडावर, एका घावात.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिला धातूची वा दगडाची मूर्ती नसते. नारळ हीच तिची मूर्ती. त्या नारळाला डोळे लावतात, नथ घालतात, कुंकवाचा मळवट भरतात आणि चौरंगावर केळीच्या खांबांमध्ये त्याला बसवतात. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून दळतात, त्याचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच मिळून संपवायचे असतात. सोमवारी देवीला वाजतगाजत नदीवर नेतात, स्नान घालतात, आणि आमच्यासारख्या घरांत तोच नारळ परत आणून पुढच्या श्रावणापर्यंत जपून ठेवतात. आमचा नारळ माझ्या आजीच्या वेळचा होता. जगातला प्रत्येक नारळ देवापुढे फुटण्यासाठी असतो. हा एकच फुटायचा नव्हता. लहानपणी त्याला हात लावण्याआधी आम्ही भावंडे हात धुऊन, पुसून, पुन्हा धूत असू.

नारळ फोडण्याविषयी माझी मते पक्की होती. नारळ म्हणजे मस्तक. शेंडी म्हणजे केस, खालचे तीन ठिपके म्हणजे डोळे. स्वतःचे मस्तक देवाच्या पायी ठेवायचे, त्याऐवजी आपण हे ठेवतो, असे माझे वडील सांगत. मीही ते पुढे पुष्कळांना सांगत आलो. सांगताना माझे स्वतःचे मस्तक मात्र कधी माझ्या मनात आले नाही. मी जमीन मोजणी खात्यात छत्तीस वर्षे काढली. नेमके बोलण्याची आणि नेमके मारण्याची मला सवय. कॉलनीत कोणी दुकान उघडले, गाडी आणली, पाया खणला, की नारळ फोडायला आबांना बोलवा, असा रिवाज पडला होता, कारण मला दुसरा घाव लागत नसे. लोक वाहवा करीत. तो नारळ देवाला पोहोचतो की माझ्या मनगटाला, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारला असता तर मी त्याला पायरीवरून उतरवले असते.

आता माझ्या धाकट्या भावाविषयी. त्याला सगळे बापू म्हणतात. तो पाचोऱ्याला असतो. तिथे त्याचे बियाण्यांचे दुकान आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. त्याला आत नेले तेव्हा त्याच्या बायकोने नवस केला, की हे चालत घरी आले तर एक वर्ष कानबाई पाचोऱ्याला बसवीन. बापू चालत घरी आला, आणि आषाढात दोघे माझ्याकडे देवी मागायला आले. मी नाही म्हटले. देवी थोरल्याच्या घरी बसते, हा आमच्या घराचा नियम. तो मी सांगितला असता तर पुरे होते, पण मी आणखी बोललो. "देवी म्हणजे लग्नातली भांडी नव्हेत, आज याच्याकडे आणि उद्या त्याच्याकडे जायला," असे मी म्हणालो. छातीवरची जखम पुरती भरली नव्हती असा तो माणूस उठला, पायऱ्या उतरताना थांबला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, तुनी देवी तुले." त्यानंतर नऊ श्रावण तो रोट खायला आला नाही. दरवर्षी गहू मोजताना मी त्याच्या घरची मापे वगळत गेलो. घरातून कोणी काही बोलले नाही, आणि ती मी संमती समजलो.

त्या रविवारी सकाळी सुनेने देवी बाहेर काढली होती. गेल्या वर्षीचे कुंकू पुसून, डोळे आणि नथ उतरवून, ओल्या फडक्याने स्वच्छ करून तिने ती ओट्याच्या एका कडेला लाल वस्त्रावर वाळत ठेवली होती. मी दरवर्षी देवी बसण्याआधी उंबऱ्यापाशी एक नारळ फोडतो. तो नारळ तांब्याच्या ताटात, हळदकुंकू लावून, पायरीजवळ होता. दोहोंमध्ये चार हातांचे अंतर होते. अंतराच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवावा. गल्लत व्हावी असे तिथे काहीही नव्हते. निदान ज्याला दिसते त्याला. मला दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला असल्याचे डॉक्टरांनी चैत्रात सांगितले होते आणि मी ते कोणाला कळू दिले नव्हते. वर्तमानपत्र मी रोज वेळेवर उघडून बसत असे आणि वेळेवर घडी करून ठेवत असे.

मी ओट्यावर आलो, हात लांबवला आणि जो नारळ हाती लागला तो उचलला. तो हलका लागला. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असे समजून मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. शेंडी हाताला लागली नाही, तेव्हा सुनेने ती परस्पर काढून टाकली म्हणून तिच्यावर चिडलो. हात उंचावला, तोच ती आतून दारात आली.

"आबा, थांबा. ती देवी आहे."

"मला नारळ ओळखता येतो," मी म्हणालो, आणि हात खाली आणला.

ओला नारळ फुटल्याचा आवाज मला ठाऊक आहे. त्यात पाणी ऐकू येते. हा आवाज रांजण तडकल्यासारखा कोरडा होता. दुधाची धार लागली नाही. पाण्याचा थेंबही नव्हता. करवंटीचे तीन तुकडे झाले आणि आतून सुकून आकसलेला, तपकिरी पडलेला खोबऱ्याचा गोटा घरंगळत पायरीवर गेला. केवड्याचा नव्हे, खवट तेलाचा वास आला. माझी पत्नी आतून आली. पायरीवर बसून तिने तुकडे पदरात गोळा केले. सुनेने लाल वस्त्र आणले आणि दोघींनी मिळून ते त्यात बांधले. मला कोणी एक शब्दही बोलले नाही. मला त्या वेळी त्याचाच राग आला. कोणी बोलले असते तर मी उत्तर दिले असते.

धुळ्याला माझी थोरली बहीण आहे, आमची अक्का. कुळाच्या रीतिभातीत शेवटचा शब्द तिचा. मुलाने तिला फोन लावून माझ्या हातात दिला. झाले ते मी सांगितले. अक्का नदीत तुकडे सोडायला सांगून म्हणाली, "बाजारनं नारळ चालाव नही, भाऊ. कुळनी कानबाईपाशी पुजेल नारळ पाहिजे. बापूना घर शे. पाचोराले जाय."

"बापूनं नारळबी बाजारनंच शे," मी म्हणालो. "मी त्याले देवी दिलीच कव्हय?"

अक्का हसली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई अशा घडीला हसते, हे मला फारच लागले. "तू जाय तं खरी," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

देवी संध्याकाळपर्यंत बसली पाहिजे. नाही बसली, तर आजीपासून न चुकलेली पूजा माझ्या हातून मोडणार होती. आणि ती बसायची तर मला त्या दारात उभे राहून तेच मागावे लागणार होते, जे मी त्या दारातल्या माणसाला नाकारले होते. मुलगा गाडी काढू लागला. मी त्याला थांबवले. ज्याने फोडले त्याने जावे, आणि एकट्याने जावे. लाल गाठोडे पिशवीत घेऊन मी एस.टी.ने पाचोऱ्याला निघालो. वाटेत कपाशी आणि मका हिरवीगार असल्याचे लोक बोलत होते; मला नुसता हिरवा धूर दिसत होता. मी प्रार्थना केली, असे कोणी लिहू नये. मी भांडत होतो. इतकी वर्षे तुझे सोवळे सांभाळले, तुझ्या नियमासाठी सख्खा भाऊ तोडला, आणि तू माझ्याच हातून हे घडवलेस, याचा जाब मी देवीला विचारत होतो. तिचे तुकडे मांडीवर होते. त्या तुकड्यांशी भांडणारा माणूस शेजारच्यांना कसा दिसला असेल, हा विचार मला नंतर आला.

बापूच्या गल्लीत मी पोहोचलो, त्याच्या घरापाशी आलो, ओटा पाहिला, आणि परत फिरलो. हे कोणत्याही हकिकतीत नाही. मी फिरलो होतो. वाजवण्यासाठी धरलेली कडी सोडली आणि बसस्थानकाच्या दिशेने चालू लागलो. नवीन नारळ घ्यायचा, काहीतरी सांगायचे, अक्काला काय दिसते आहे, असा माझा विचार चालला होता. दहा पावलांवर माझा पाय उघड्या गटारात गेला. मी पडलो नाही, पण कलंडलो, आणि पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकलो.

"आबा, कोनं घर दखी राहिनात?" मागून एक बाई म्हणाली.

"काही नाही. मला दिसतं सगळं," मी म्हणालो.

"दिसस ते मंग गटारमा पाय कसाले ठेवतस?" ती म्हणाली. "हात द्या आठे."

मी हात दिला नाही. तिने तो घेतला. डोक्यावर मक्याच्या कणसांची पाटी, हिरवे लुगडे, भेगाळलेला खरखरीत हात, आणि त्याला राखेचा वास. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या बाया असे बोलतात तसे तिचे बोलणे होते, तोडून आणि बेडर. मी म्हणालो, मला बसस्थानकावर जायचे आहे. ती म्हणाली, "मी दखी ऱ्हायनू व्हतू तुम्हले. कडी धरी आणि सोडी दिनी. चोर शेत का पाव्हना?" मी काही बोलण्याआधी तिने मला वळवले, बापूच्या ओट्यावर नेले, एका हाताने पाटी सावरत दुसऱ्या हाताने कडी आपटली, आणि आत हाक दिली, "ओ माय, तुमना घरना म्हातारा बाहेर उभा शे. घरमा ल्या."

मी कोण, कोणाच्या घरचा, हे मी तिला सांगितले नव्हते. तुमच्या घरचा, हे तिला कुठून कळले, याबद्दल लोक मला विचारतात आणि उत्तर न ऐकताच हात जोडतात. माझे उत्तर असे, की आम्ही दोघे भाऊ एकाच साच्याचे आहोत. नाक एकच आहे. दारावरून रोज जाणाऱ्या बाईला ते कळू शकते. ती कानबाई होती, असे बापूच्या गल्लीत आता सर्रास सांगतात. मला ते पटत नाही आणि मला त्याचा रागही येतो. राबणाऱ्या बाईने एका आंधळ्या म्हाताऱ्याला गटारातून काढले, तर ते तिचे स्वतःचे पुण्य म्हणून तिच्याकडे का राहू देऊ नये? पण ती कोण नव्हती, हे ठरवायलाही मी आता धजत नाही. भावजय तिला लावायला हळदकुंकू घेऊन बाहेर आली, तेव्हा गल्लीत कोणी नव्हते. ओट्यावर दोन कणसे होती. ती आम्ही संध्याकाळी भाजून खाल्ली. कणसांसारखी लागली.

दार उघडले तेव्हा बापू चौरंगाला केळीचे खांब बांधत होता. त्याने मान वर केली. नऊ वर्षांत त्याचे केस पुरते पांढरे झाले होते. त्याने दोरीची गाठ पूर्ण मारली, मग उठला. मी गाठोडे काढून जमिनीवर ठेवले आणि सोडले.

"काय व्हयनं?" बापूने विचारले.

"मी फोडं," मी म्हणालो. "डोयास्ले दिसत नही. सूननी सांगं, मी ऐकं नही. तुन्हापाशी मागाले येल शे."

इतके छोटे आणि इतके खरे वाक्य मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. बापू खाली बसला. त्याने करवंटीचे तुकडे एकमेकांशी जुळवून पाहिले, जसा लहानपणी पाटी फुटली की जुळवून पाही. मग त्याने तो सुकलेला गोटा उचलला, नखाने एक कपचा काढला आणि तोंडात टाकला. भंगलेल्या देवीचे खोबरे खात नाहीत. मी त्याला अडवणार, तोवर तो चावू लागला होता. त्याने तोंड वाकडे केले.

"खवट शे, भाऊ," तो म्हणाला. "तुनामायक." म्हणजे, माझ्यासारखे.

त्याची बायको दारातून हसली. मग तो हसला. मीही हसलो असे मला सांगतात. मला आठवते ते एवढेच, की माझा चष्मा ओला झाला होता आणि बापू तो स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसत होता.

त्याच्या देव्हाऱ्यापाशी त्यांची कानबाई होती. मी भावजयीला विचारले, की हा नारळ कुठला. ती पदर सावरून म्हणाली, "तुमच्याच घरचा, भाऊजी. ताईंनी दिला." ताई म्हणजे माझी पत्नी. नऊ वर्षांपूर्वी मी नाही म्हटल्यावर तिने त्या श्रावणात आमच्या देवीशेजारी आणखी एक नारळ ठेवून त्याची पूजा केली, सोमवारी नदीवरून आल्यावर तो अक्काच्या पिशवीत घातला, आणि अक्काने तो धुळ्याला जाताना वाट वाकडी करून पाचोऱ्याला पोहोचवला. पुढच्या श्रावणात भावजयीने नवस फेडला. माझ्या चौरंगावर, माझ्या डोळ्यांदेखत तो नारळ पुजला गेला होता, आणि तेव्हा माझे डोळे चांगले होते. मी नियम सांभाळत होतो आणि घरातल्या बाया देवी सांभाळत होत्या. त्यांनी तसे केले नसते, तर त्या रविवारी मागण्यासाठी जगात कुठेही माझ्या कुळाची कानबाई नसती.

मी तो नारळ जळगावला नेण्यासाठी मागितला. बापूने मान हलवली. "देवी यंदा आठेच बसी," तो म्हणाला. "बठ्ठासले बलाव." देवी थोरल्याच्या घरी बसते, हे वाक्य माझ्या जिभेवर आले. ते मी गिळले. खोबऱ्याहून ते काही कमी खवट नव्हते. मी घरी फोन केला आणि पत्नीला म्हणालो, की सगळ्यांनी पाचोऱ्याला यायचे आहे, रोटांचे पीठ घेऊन. ती म्हणाली, "पीठ मी तुम्ही गेल्यागेल्याच बांधून ठेवलं आहे. बापूंच्या घरची मापंही धरली आहेत." दुपारी तीनपर्यंत ते सारे आले. संध्याकाळी देवी बसली. मी चौरंगापासून लांब, भिंतीला टेकून बसलो होतो, आणि पहिल्यांदाच मला आरतीचे शब्द ऐकू आले. एरवी माझा स्वतःचा आवाज वर असे. दुसऱ्या दिवशी देवीला नदीवर नेले, तेव्हा जुने तुकडे बापूने आणि मी मिळून पाण्यात सोडले.

आता बुवा. पंधरा दिवसांनी प्रवचनात त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवले आणि सांगितले, की करवंटी म्हणजे अहंकार, खोबरे म्हणजे शुद्ध अंतःकरण, पाणी म्हणजे भक्ती. आणि आपल्यातल्या या आजोबांनी जाणूनबुजून कुळाची करवंटी फोडून आपला अहंकार देवीच्या चरणी वाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच उभा राहून सांगितले, की मी जाणूनबुजून काही केले नाही, मी आंधळा आणि हेकट होतो, आणि आत शुद्ध काही निघाले नाही, खवट निघाले. बुवा मंद हसून म्हणाले, "पाहा, किती विनय." यावर काय बोलावे? मला एवढेच म्हणायचे आहे, की अहंकार करवंटीसारखा एका घावात फुटतो, हे सांगणे सोपे आहे. माझा तर अजून शाबूत आहे. हे लिखाण हाच त्याचा पुरावा. घाव माझ्या हातून झाला, पण मला जे मिळाले ते माझ्या हातून झालेले नव्हते. पत्नीने ते नऊ वर्षे आधी ठेवले होते, अक्काने पोहोचवले होते, बापूने राखले होते, आणि एका बाईने मला त्याच्या दारात उभे केले होते. मी फक्त पोहोचलो, आणि तेही परत फिरल्यावर. यालाच शरण जाणे म्हणत असतील तर मी गेलो आहे. पण मी गेलो असे म्हणण्यापेक्षा मला नेले, असे म्हणणे मोजमापाला धरून होईल. त्याबद्दल मी देवीचा ऋणी आहे. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर हे सारे मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि सर्वांत आधी सुनेला वाचायला दिले, कारण बोल तिला लागला होता. तिच्यावरचा दोष या लिखाणाने निघतो की नाही, हे तिने सांगावे, अशी माझी इच्छा होती. तिने शेवटपर्यंत वाचले, कागद नीट जुळवले आणि म्हणाली, "सगळं खरं आहे, आबा. एकच राहिलं. मी तुमच्यापासून दोन पावलांवर होते. नुसतं थांबा न म्हणता मी तुमचा हात धरू शकले असते. पण तुमचा उगारलेला हात धरायची या घरात कधी कुणाची छाती झाली नाही. तेवढं लिहा, म्हणजे पुरं होईल."

तिचे म्हणणे मी जसेच्या तसे उतरवले आहे. त्यात मला खोडण्यासारखे काही सापडले नाही.